आवडीचा पावसाळा

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेचे एक पुष्प आपल्याच शाळेच्या मुख्याध्यापिकेने गुंफावे, असा आग्रह महोत्सव समितीने धरला. शाळेच्या साठ वर्षांचा इतिहास मी सांगावा, अशी अपेक्षा त्यामागे असावी. परंतु तो इतिहास ज्यांनी घडवला, ती मंडळी आज पहिल्या रांगेत बसलेली आहेत. त्यांच्यासमोर तो मी सांगणे धाडसाचे होईल. मी मूळची भूगोलाची शिक्षिका. म्हणून आज मी एका गावाच्या ऋतुचक्राविषयी बोलणार आहे. ते गाव लातूरपासून दूर, चेन्नईच्या पश्चिम सीमेवर आहे. त्याचे नाव आवडी.

लातूरच्या शाळेत, शाळेच्या हीरक महोत्सवात, आवडीच्या हवामानाचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल. ती याच इमारतीत, वरच्या मजल्यावरील पाचवीच्या वर्गात घडली.

साल १९९७ असावे. मी नोकरीत नवीन होते. नवीन शिक्षकाला उत्तरपत्रिकेचा फार अभिमान असतो, तसा मलाही होता. त्या वर्षी पाचवीत एक मुलगी दाखल झाली. वडील संरक्षण खात्यात नोकरीला, सहा-सात वर्षे कुटुंब आवडीत राहिलेले. आजोबांच्या आजारपणामुळे आई मुलांना घेऊन लातूरला परतली होती. मुलीचे मराठी घरी, आईच्या तोंडून शिकलेले. अक्षर अजून घडायचे होते. सहामाही परीक्षेत रिकाम्या जागा भरण्याचा प्रश्न होता : 'पावसाळा ---- ते ---- या महिन्यांत असतो.' तिने लिहिले, 'ऑक्टोबर ते डिसेंबर'. मी लाल शाईने फुली मारली.

पेपर वाटण्याच्या दिवशी वर्गाला हसवण्याच्या भरात मी ते उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आवडीला तेव्हाच पडतो." ते गावाचे नाव आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुलांनी 'आवडीला' म्हणजे 'आवडीप्रमाणे' असा अर्थ घेतला. तिला हवा तेव्हा पाऊस पडतो, म्हणून वर्ग खदखदून हसला. मीही हसले. ती खाली बसली. नंतरच्या दीड वर्षात त्या मुलीने वर्गात एकदाही आपणहून हात वर केल्याचे मला आठवत नाही. सातवीत जाण्यापूर्वीच तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब निघून गेले.

हा प्रसंग मी विसरूनही गेले होते. पुढे काही वर्षांनी माझ्या धाकट्या भावाला आवडीत नोकरी लागली. पहिल्याच दिवाळीत मी, आई आणि मुले त्याच्याकडे गेलो. आपल्या दिवाळीची हवा माझ्या डोक्यात होती : स्वच्छ आकाश, पहाटेचा गारवा, अंगणात वाळत घातलेले धान्य. आवडी स्थानकावर उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि दिवे लावावेत इतका अंधार होता. पाऊस पडत होता. तो दुपारी पडत होता, रात्री पडत होता, दुसऱ्या दिवशी उटणे लावताना पडत होता. आमच्या आईने आकाशकंदील बाहेर टांगला. त्याचा कागद तासाभरात गळून पडला. शेजारच्या तमिळ आजींनी तेल लावून पहाटेची स्नाने उरकली होती आणि गंगास्नान झाले का, असे त्या प्रत्येकाला विचारत होत्या. फटाके त्यांनी चुलीजवळ ऊब देऊन ठेवले होते. पावसाचे त्यांना कसलेच नवल नव्हते. भावाने त्यांचे म्हणणे समजावून सांगितले : हा ऐप्पसी महिना, यात 'अडै मळै' पडायचाच. कोंबडी जशी अंड्यांवर बसून राहते, तसा बसून पडणारा पाऊस.

त्या रात्री मला ती मुलगी आठवली, आणि तिच्या पेपरावरची फुलीही.

आता भूगोलाकडे वळू. जून महिन्यात नैर्ऋत्येकडून वारे येतात. १ जूनच्या सुमारास ते केरळात पोहोचतात. अरबी समुद्रावरून आणलेले बाष्प ते सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ओततात आणि पूर्वेकडे येताना कोरडे होत जातात. आपण मराठवाड्याची माणसे पर्जन्यछायेत राहतो. लातूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. आवडी तर याच वाऱ्यांच्या वाटेवर आपल्याहून पुष्कळ पुढे, पूर्व किनाऱ्यालगत. तेथे पोहोचेपर्यंत त्यांची शिदोरी बरीच सरलेली असते. जुलै ते सप्टेंबर या काळात आवडीला संध्याकाळी किंवा रात्री गडगडाटी सरी येतात, पण दिवस उष्ण आणि घामट असतात.

सप्टेंबरच्या मध्यानंतर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे सरकतो. आशिया खंडाची विशाल भूमी थंड होऊ लागते आणि वारे उलटे फिरतात. जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. नकाशात वर पाहा. कोरियातील खेड्यांत पावसाळा जूनच्या अखेरीस सुरू होतो आणि जुलैत संपत येतो. हिवाळ्यात तेथे सैबेरियाकडून येणारे वारे कोरडे असतात, म्हणून कडाक्याची थंडी पडते पण पाऊस मात्र थोडा. आपल्या महाराष्ट्रातही हिवाळ्याचे वारे कोरडेच. मग आवडीला ते ओले कसे होतात? कारण तामिळनाडूच्या किनाऱ्यावर येण्यापूर्वी ते बंगालचा उपसागर ओलांडतात. समुद्रावरून जाताना ते बाष्प उचलतात आणि किनाऱ्यावर ते रिते करतात. यालाच ईशान्य मोसमी पाऊस म्हणतात. तो साधारण २० ऑक्टोबरच्या आगेमागे सुरू होतो आणि डिसेंबर अखेरपर्यंत चालतो. चेन्नई परिसराला वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस मिळतो. त्यातील साधारण साठ टक्के या तीन महिन्यांत पडतो.

म्हणजे त्या मुलीचे उत्तर बरोबर होते. तिने पाहिलेल्या पावसाचे ते उत्तर होते.

आपला शेतकरी पाऊस नक्षत्रांनी मोजतो. मृगाने आरंभ, आर्द्रेत पेरणी, मघा-पूर्वा भरवशाच्या, हस्ताचा पाऊस हत्तीसारखा आणि चित्रा-स्वातीनंतर पावसाची वही मिटलेली. सूर्य स्वातीत प्रवेश करतो २४ ऑक्टोबरच्या सुमारास. आपली वही जेथे मिटते, तेथेच आवडीच्या वहीचे पहिले पान उघडते. एकच आकाश, तीच नक्षत्रे, आणि दोन गावांची दोन पंचांगे.

तमिळ भाषेनेही सहा ऋतू मानले आहेत. परंतु त्यांची वाटणी त्या भूमीची आहे. आवणी आणि पुरट्टासी, म्हणजे साधारण मध्य ऑगस्ट ते मध्य ऑक्टोबर, हा 'कार' म्हणजे मेघांचा काळ. ऐप्पसी आणि कार्तिगै हा 'कूदिर', म्हणजे ओला गारठा. मार्गळी आणि तै 'मुन्पनी', पहिले दव; मासी आणि पंगुनी 'पिन्पनी', मागचे दव. त्यानंतर 'इळवेनिल', कोवळा उन्हाळा, आणि 'मुदुवेनिल', पिकलेला उन्हाळा. 'पनी' म्हणजे दव. ज्या प्रदेशात बर्फ नाही, कडाक्याची थंडी नाही, तेथे हिवाळ्याची ओळख पहाटेच्या दवाने व्हावी आणि त्याचे पहिले व मागचे असे दोन भाग मोजले जावेत, ही मला भाषेची फार मोठी सूक्ष्मदृष्टी वाटते. आपण वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर पाठ करतो. पण आपल्या गावातील हेमंत कशावरून ओळखावा, असे विद्यार्थ्याला विचारले तर तो गोंधळतो. पाठ केलेला ऋतू आणि अंगावर घेतलेला ऋतू यांत एवढे अंतर पडते.

भावाच्या निमित्ताने पुढील काळात मी आवडीला निरनिराळ्या महिन्यांत गेले. जानेवारी हा तेथील सर्वांत सुखाचा महिना. पहाटेचे तापमान वीस-एकवीस अंशांपर्यंत उतरते आणि तेवढ्याने लोक कानाला मफलर गुंडाळतात. आपली संक्रांत ज्या दिवशी, त्याच्याच आगेमागे त्यांचा पोंगल. ईशान्य पावसावर पोसलेले भात नुकतेच घरात आलेले असते. मार्च-एप्रिलपासून ऊन चढते. मे महिन्यात जवळजवळ पंचवीस दिवसांचा एक काळ 'अग्नी नक्षत्रम्' म्हणून ओळखला जातो. लोक त्याला 'कत्तिरी'चे ऊन म्हणतात. ३१ मे २००३ रोजी चेन्नईत पारा ४५ अंशांवर गेला होता. समुद्रकिनाऱ्यावरील वस्त्यांना दुपारी समुद्राचे वारे दिलासा देतात. आवडी किनाऱ्यापासून वीस किलोमीटरहून अधिक आत असल्याने तो दिलासा तेथे उशिरा आणि थोडा पोहोचतो. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा आपल्याकडे छत्र्या निघतात; तेथे मुले उन्हातच शाळेला जातात. आणि पावसाच्या सुट्ट्या जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या नोव्हेंबरमध्ये.

आवडी या नावाविषयी दोन शब्द. तेथे अवजड वाहनांचा सरकारी कारखाना आहे. देशात बांधलेला पहिला 'विजयंता' रणगाडा तेथून १९६५ साली बाहेर पडला. त्यामुळे आवडी हे नाव चिलखती वाहनांविषयीच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून तयार झाले, असे पुष्कळ लोक सांगतात. परंतु १९५५ च्या जानेवारीत, म्हणजे कारखान्याच्या आधी, तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तेथेच संमत झाला. तेव्हाही गावाचे नाव आवडीच होते. ऐकलेली गोष्ट सनावळीशी ताडून पाहावी, हे मी विद्यार्थ्यांना या उदाहरणाने शिकवते. स्वतः मात्र मी एका मुलीची गोष्ट साध्या नकाशाशीही ताडून पाहिली नव्हती.

आवडीच्या पावसाला दुसरी बाजूही आहे, आणि ती लातूरच्या माणसाला चटकन समजावी अशी आहे. तेथील पाऊस रोज थोडा थोडा पडणारा नव्हे. उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, त्यांतून कधी वादळे उठतात आणि वर्षाचा मोठा वाटा मोजक्याच दिवसांत कोसळतो. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईत एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. आपल्याला संपूर्ण वर्षात जेवढा मिळतो, त्याहून अधिक एका महिन्यात. १ डिसेंबरच्या अतिवृष्टीत तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९० मिलिमीटरची नोंद झाली. भावाच्या घराच्या तळमजल्यात कमरेइतके पाणी आले. तीन दिवस त्याचा फोन लागला नाही. माझी आई त्या तीन दिवसांत देवापुढून उठली नाही. चौथ्या दिवशी त्याचा आवाज आला, "ताई, सगळे ठीक आहोत. फक्त मुलांची पुस्तके गेली." त्या वर्षी राज्यातील सहामाही परीक्षा जानेवारीवर ढकलाव्या लागल्या.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात आपल्या लातूरची काय अवस्था होती, हे येथे कोणाला सांगायला नको. मांजरा धरण कोरडे पडले होते. २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लावावा लागला. आपल्या शाळेत मुले दप्तराबरोबर पाण्याची बाटली आणीत आणि ती अर्धी भरलेली परत नेत, कारण घरी धाकटे भावंड वाट पाहत असे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टाक्यांची पहिली रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, डिसेंबरात आम्ही पाणी उपसत होतो. थोडे तुमच्याकडे पाठवता आले असते तर!" आम्ही दोघेही हसलो, पण ते हसू ओठांपर्यंतच होते.

तीनच वर्षांनी पाळी त्यांच्यावर आली. २०१६ आणि २०१८ या दोन्ही वर्षी ईशान्य पावसाने तामिळनाडूला दगा दिला. २०१६ च्या १२ डिसेंबरला 'वरदा' चक्रीवादळ चेन्नईवर आदळले, हजारो झाडे पडली, पण हंगामाची तूट भरली नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे झाले. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून पन्नास टाक्यांची पाणीगाडी विल्लिवाक्कमला आली. पंचवीस लाख लिटर पाणी. ती गाडी ज्या मार्गाने गेली, त्याच मार्गावर आवडी स्थानक आहे. भावाने फलाटावरून तिचे छायाचित्र पाठवले. खाली एवढेच लिहिले होते : 'आपली गाडी'. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेच्या महापुराने सांगली-मिरज परिसर पाण्याखाली गेला. ज्या मिरजेने आपल्याला पाणी पाजले, तिच्याच वाट्याला ते अतोनात आले.

कृष्णेचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी, म्हणजे ५ अब्ज घनफूट, पाणी चेन्नईच्या पिण्यासाठी देण्याचे मान्य केले. पुढे श्रीशैलम जलाशयापासून कालव्यांची मोठी वाट बांधली गेली आणि १९९६ साली ते पाणी तामिळनाडूच्या हद्दीत पोहोचले. ते पूंडी जलाशयात येते. पूंडी आणि आवडी एकाच तिरुवल्लूर जिल्ह्यात आहेत. महाबळेश्वरच्या डोंगरावर जून-जुलैत पडलेल्या पावसाचा काही अंश चेन्नईकराच्या पेल्यात जातो. त्या मुलीच्या पाऊस-प्रश्नाला मी फुली मारली, त्याच्या आदल्याच वर्षी सह्याद्रीच्या पावसाने तिच्या गावाच्या दिशेने प्रवास सुरू केलेला होता. मी तेव्हा 'आपला पाऊस' आणि 'तिचा पाऊस' अशी रेघ ओढली. पाणी मात्र अशी रेघ ओळखत नाही.

मग थोड्या दिवसांत पडणाऱ्या पावसाचे करायचे काय? तमिळ भूमीने याचे उत्तर फार पूर्वी शोधले. त्या भागात गावोगाव 'एरी' आहेत, म्हणजे मातीचा बांध घालून केलेले तलाव. एक भरला की सांडवा दुसऱ्याला भरतो, दुसरा तिसऱ्याला. आवडीतील परुत्तिप्पट्टु तलाव अशांपैकीच एक. शहर वाढले तसे पुष्कळ एरी बुजले, सांडव्यांवर घरे उभी राहिली, आणि जेथे पाणी साठत असे तेथेच पूर येऊ लागला. पूर ओसरल्यावर त्याच वस्त्यांत टँकरची वाट पाहण्याची वेळ आली. २००३ साली तामिळनाडूने प्रत्येक इमारतीला छतावरील पाणी जिरवण्याची सोय सक्तीची केली. भावाच्या वसाहतीत छपराच्या नळ्या विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडलेल्या मी पाहिल्या आहेत. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या विहिरीला थोडे का होईना पाणी होते.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. गेल्या महिन्यात आठवीच्या मुलांनी या इमारतीचे छत फितीने मोजले. ते सुमारे सहाशे चौरस मीटर भरले. लातूरचा पाऊस आठशे मिलिमीटर धरला तर किती पाणी झाले? चार लाख ऐंशी हजार लिटर. मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. म्हणजे जवळजवळ तेवढीच एक गाडी दरवर्षी आपल्या डोक्यावर येऊन थांबते आणि पन्हाळीतून रस्त्यावर वाहून जाते. पहिल्या सरीचे गढूळ पाणी सोडले, वाफ आणि गळती वजा केली, शंभरातले ऐंशीच हाती लागले असे धरले, तरी पावणेचार लाख लिटरांहून अधिक उरते.

महोत्सवाचा निधी कशावर खर्च करावा, याची चर्चा समितीत चालू आहे. प्रवेशद्वाराशी स्मृतिकमान उभारावी, असा एक प्रस्ताव आहे. तो मांडणाऱ्यांचे शाळेवरील प्रेम मी जाणते आणि त्यांचा मान ठेवूनच बोलते. परंतु माझी विनंती आहे की कमानीआधी छताच्या नळ्या, गाळणीची टाकी आणि बंद पडलेल्या विहिरीचे पुनर्भरण यांचा विचार व्हावा. २०१६ मध्ये या पटांगणात रिकामी बाटली घेऊन उभी असलेली मुले मी पाहिली आहेत. पुन्हा तशी वेळ आली तर, साठ वर्षांच्या शाळेने स्वतःच्या छतावरचे पाणी तरी राखून ठेवले होते, असे त्या वेळच्या मुख्याध्यापकांना म्हणता आले पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट निधीची नाही, ती आम्हा शिक्षकांची आहे. आवडीहून पहिल्यांदा परतल्यावर मी शाळेचे जुने दाखले शोधले, त्या मुलीचा पत्ता मिळवला आणि पत्र लिहिले. पत्र परत आले. ते कुटुंब तेथून हलले होते. तिला तिचा गुण देणे माझ्या हातून राहून गेले. त्यानंतर मी वर्गात एक वही सुरू केली, ती आजही चालू आहे. तिचे नाव 'पावसाची वही'. २०१६ पासून पटांगणात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे, मुले त्याची नोंद त्या वहीत करतात. आणि बाहेरगावाहून जो विद्यार्थी नव्याने येतो, त्याच्याकडून पहिल्या आठवड्यात त्याच वहीत एक पान लिहून घेतले जाते : माझ्या गावाला पाऊस केव्हा येतो, कसा येतो, त्याला तेथे काय म्हणतात.

त्या वहीत कोकणातून आलेल्या मुलाचे पान आहे, राजस्थानातून आलेल्या फरशी कारागिराच्या मुलीचे आहे. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचीही पाने आहेत. त्यांतील एकाने लिहिले आहे की आमचा ऋतू कारखान्याच्या भोंग्याने बदलतो. भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात मला हे वाक्य सापडले नसते. अशा मुलांची उत्तरे आमच्या आदर्श उत्तरपत्रिकेशी जुळत नाहीत. म्हणून फुली मारण्याआधी 'हे तू कोठे पाहिलेस?' एवढे विचारायचे, असे आम्ही सर्व शिक्षकांनी ठरवले आहे. त्या एका प्रश्नाला अर्धे मिनिट लागते. १९९७ मध्ये ते माझ्याजवळ नव्हते असे नाही. मी ते दिले नाही.

माजी विद्यार्थी आज मोठ्या संख्येने आले आहेत, काही परगावाहून, परप्रांतांतून. तुमच्यापैकी जे दूरच्या प्रदेशात राहतात, त्यांनी जाण्यापूर्वी कार्यालयात ठेवलेल्या त्या वहीत आपल्या सध्याच्या गावाच्या पावसाचे एक पान लिहावे, अशी माझी विनंती आहे. वहीचे पहिले पान मी कोरे ठेवले आहे. त्याच्या माथ्यावर मी फक्त गावाचे नाव घातले आहे : आवडी. खाली पावसाळ्याचे महिने मी लिहू शकते, मला ते आता ठाऊक आहेत. पण ते पान माझे नाही. ती मुलगी आज चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल. हा ग्रंथ कधी तिच्या हाती पडला, तर तिने येऊन ते भरावे. तिचे उत्तर बरोबर होते, हे मात्र मी आज त्याच इमारतीत, भरल्या सभेत सांगून ठेवते.